निम्मं इकडं, निम्मं तिकडं

शाळेतले तरुण शिक्षक मला अधूनमधून गळ घालतात, की सर, प्रयोगशाळा नसताना तुम्ही पदार्थविज्ञान कसं शिकवलंत ते एकदा लिहून काढा, आम्हाला उपयोगी पडेल. मी हो म्हणतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र खरोखरच वही घेऊन बसलो. आकडे टाकून यादी करायला घेतली. पावडरच्या डब्याचा कॅमेरा. उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून केलेलं भिंग. सुपारीचा लंबक. खिळ्याला तार गुंडाळून केलेलं चुंबक. वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर वर येतं तो. अकरा प्रयोग भराभर उतरले. बाराव्या आकड्यापुढं 'तागडी' असं लिहिलं आणि पुढं काही सुचेना. सुचेना असं नाही. सुचत होतं, पण ते प्रयोगाच्या वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

त्या अकरांचं काय करायचं ते नंतर बघू. हा बारावा आहे.

गाव पाटणच्याही पुढं होतं. सकाळची एसटी जिथं वळून तोंड फिरवायची तिथंच गाव संपायचं आणि डोंगर सुरू व्हायचा. मी मूळचा सांगलीजवळच्या माधवनगरचा, वडील गिरणीत. बी.एड. झालो आणि ही नोकरी मिळाली तेव्हा आईनं विचारलं होतं, तिथं माणसं राहतात का रे. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असावी. शाळेला चार खोल्या, आणि विज्ञानाचं म्हणून एक कपाट. त्यात दोन काचेच्या नळ्या, पारा उतरलेला थर्मामीटर आणि एक किलोपर्यंतची वजनं, बस. त्यामुळं जे काही करायचं ते घराघरांतून गोळा करून. मी वर्गाला सांगायचो, उद्या रिकामा डबा आणा, तुटकी छत्री आणा, चाकाची तार आणा. पोरं पाठीमागं मला भंगारवाले सर म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

बुधवारी बाजार भरायचा. डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं तांदूळ, नाचणी, पावटा, हुलगे घेऊन उतरायची. त्यांच्याकडं तागडी नसायची, आणि घेणाऱ्याकडं असली तरी तिच्यावर देणाऱ्याचा विश्वास नसायचा. म्हणून दोघं मिळून मेजरकडं जायचे. हा मेजर खरं तर पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झालेला म्हातारा, पण आमच्या भागात पेन्शन घेऊन आलेल्या प्रत्येकाला गाव मेजर करून टाकतं. फौजेत तो राशनच्या कोठारावर होता. पंचायतीच्या पत्र्याच्या शेडखाली तीन काठ्यांच्या तिकाटण्याला तागडी टांगून तो बसायचा. पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. तोलून झालं की दोघांकडूनही एक एक मूठ धान्य घ्यायचा, तेवढीच त्याची मजुरी. त्यानं तोललं की त्यावर वाद नाही, हा त्या बाजाराचा कायदाच होता. माझा तांदूळही तोच तोलायचा.

त्याची नात माझ्या नववीच्या वर्गात होती. वर्गात मुली पाचच, त्यातली ही पुढच्या बाकावरची. ती विचारायची फार. सुपारीचा लंबक केला तेव्हा तिनं विचारलं होतं, की सर, सुपारी हळूहळू झुलायची थांबती, मग वेळ तेवढाच कसा लागतो. मला लगेच उत्तर आलं नव्हतं. मी म्हणालो होतो, उद्या सांगतो, आणि सांगितलंही. तेव्हा मी बरा शिक्षक होतो असं मला वाटतं. निदान उद्या सांगतो असं म्हणणारा तरी होतो.

फेब्रुवारीत शाळेची तपासणी लागली. साताऱ्याहून साहेब येणार होते. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की साहेबांच्या लक्षात राहील असं काहीतरी तुम्ही करा, बाकीच्यांचं मी सांभाळतो. उन्हाळ्यात सांगलीला विज्ञान शिक्षकांचा महिन्याभराचा वर्ग होणार होता, कृतीतून शिकवायचं कसं याचा, आणि तिथं कुणाला पाठवायचं ते हेच साहेब ठरवणार होते. सांगली म्हणजे माझ्यासाठी घर. मला जायचंच होतं.

मी तरफ घेतली. तागडी म्हणजे तरफच. दांडीच्या दोन्ही भुजा सारख्या असल्या, तर वजन डावीकडं ठेवा की उजवीकडं, फरक पडत नाही, हे मला करून दाखवायचं होतं. पारड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करायची, काटा मध्येच राहतो हे मुलांनी बघायचं, आणि मी फळ्यावर भुजा गुणिले वजन लिहायचं. साधा धडा. तागडी कोण आणणार, असं मी आदल्या दिवशी विचारलं, तर मेजरच्या नातीनंच हात वर केला.

ती तागडी घेऊन आली ती मला अजून दिसते. आज्यानं पितळेची पारडी चिंच लावून घासून दिली होती. शाळेला पाहिजे म्हटल्यावर त्यानं साखळ्याही पुसल्या होत्या. मी ती वर्गाच्या आढ्याला टांगली. रिकामी असताना काटा अगदी मध्ये. साहेब मागच्या बाकावर बसले होते, मुख्याध्यापक त्यांच्या शेजारी उभे. मी डावीकडं शाळेचं किलोचं वजन ठेवलं, उजवीकडं फडक्यात वाळू घालत घालत काटा मध्ये आणला. आता बघा, म्हणालो. वजन उचलून उजवीकडं ठेवलं, वाळूचं गाठोडं डावीकडं.

दांडी कलली.

थोडीथोडकी नाही. मागच्या बाकावरून दिसावं एवढी. मी गाठोडं उचलून परत ठेवलं. परत तेच. क्षणभर माझंच डोकं चालेना. आपण काय चुकलो, वाळू सांडली का, साखळी अडकली का, हेच बघत होतो. काटा पुन्हा मध्ये आणायला जवळजवळ मूठभर वाळू काढावी लागली. मग लक्षात आलं, की भुजा सारख्या नाहीत. दांडी कधीतरी मोडून जोडलेली होती आणि जोडताना एक बाजू गव्हाच्या दाण्याएवढी आखूड राहिली होती. रिकामी असताना सारखी दिसावी म्हणून एका पारड्याखाली तांब्याची तार गुंडाळलेली होती. पुस्तकात ज्याला खोटा तराजू म्हणतात तो माझ्यासमोर टांगलेला होता. कॉलेजात मी त्याची गणितं सोडवली होती, प्रत्यक्ष कधी बघितला नव्हता.

मागून साहेब हसले. "मास्तर, बाजारातला चोरच पकडलात की तुम्ही."

वर्गात हशा फुटला. कुणीतरी म्हणालं, मेजरची तागडी लंगडी. दुसऱ्यानं विचारलं, आमचा पावटा कुठल्या पारड्यात होता. इतका जिवंत वर्ग मी त्याआधी घेतला नव्हता. सगळी पोरं उठून पुढं झुकलेली, साहेब चष्मा काढून बघतायत. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ही तागडी खोटी आहे, ती का? आणि त्याच्याखाली भुजांची आकृती काढायला लागलो.

तेव्हा ती उभी राहिली.

"सर, पण आजा निम्मं इकडं आणि निम्मं तिकडं तोलतो."

इथं मी नेहमी अडकतो. ती असं म्हणाली तेव्हा मला कळलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की नाही, गोंधळात नीट ऐकू आलं नाही. पण ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द आला होता. आणि त्या शब्दांबरोबर बाजारातलं एक चित्रही आलं. चार किलो तांदूळ तोलताना मेजर दोन मापं झाली की मध्येच वजनं उचलून पलीकडच्या पारड्यात टाकायचा आणि धान्य अलीकडच्या. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हात अवघडत असेल म्हणून बाजू बदलतो. निम्मं कळलं मला. एका बाजूला जेवढं जास्त जातं तेवढंच दुसऱ्या बाजूला कमी येतं, मग बेरीज सरळच येणार. निम्मं कळलं आणि तेवढ्यानंच घाबरलो. कारण ते खरं असेल तर चोर कुठला? मग फळ्यावरचं वाक्य पुसायचं, साहेबांना सांगायचं, की थांबा, ही मुलगी काय म्हणते ते बघू या. उद्या सांगतो असं म्हणणारा माणूस त्या दिवशी तिथं नव्हता.

"बस खाली," मी म्हणालो.

ती बसली. मी आकृती पूर्ण केली.

बुधवार दोन दिवसांवर होता. बाजारात काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नाही, मुद्दामच उशिरा गेलो. शिपायानं सांगितलं ते असं. पोरांनी घरोघर सांगितलंच होतं. एका बाईनं तोलायला बसता बसता विचारलं, मेजर, आज तागडीचा कुठला पाय दुखतोय. माणसं हसली. मेजरही हसला म्हणे. मग एक दुकानदार, ज्याच्या दुकानी मेजरमुळं कुणी तोलून घेत नसे, तो म्हणाला, साताऱ्याच्या साहेबांसमोर शिक्कामोर्तब झालंय, आता फौजी हिशेब पुरे. त्या दिवशी मेजरनं तीनच मापं केली. पुढच्या बुधवारी शेडखालची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. माणसं दुकानदाराकडं जायला लागली. मीही गेलो, कारण तांदूळ तर लागणारच.

मी तेव्हा स्वतःला काय समजावलं ते सांगतो. मी खोटं काय बोललो? तागडी खोटी आहे म्हणालो, आणि ती खोटी होतीच. शंभर वेळा करून बघा, दांडी कलणारच. माणूस खोटा आहे असं मी कुठं म्हणालो? हे इतकं बिनतोड वाटायचं, की मी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघायचो. बिनतोड गोष्ट माणूस किती वेळा म्हणतो, याचा विचार तेव्हा केला नाही.

एप्रिलमध्ये पत्र आलं. सांगलीच्या वर्गासाठी माझी निवड झाली होती.

मे महिन्यातली सांगली. हळदीच्या पेठेवरून जाताना नाकात, कॉलरवर, सगळीकडं पिवळी धूळ. मी माधवनगरहून सायकलनं यायचो. वर्ग एका कॉलेजात भरायचा, चाळीसएक शिक्षक होतो. प्रत्येकानं आपला एक प्रयोग करून दाखवायचा होता. मी अर्थात तागडी दाखवली. लाकडी पट्टीला मुद्दाम एका बाजूला जरासं सरकवून भोक पाडलं, करवंट्यांची पारडी केली. गावातली गोष्ट रंगवून सांगितली. बाजार, साहेब, वाळूची मूठ. सगळे हसले. म्हाताऱ्या मापाड्याचा भाग जरा जास्तच रंगवला असणार, कारण तिथं हशा मोठा आला.

आमचे शिकवणारे प्राध्यापक शांत गृहस्थ होते. हशा संपल्यावर ते म्हणाले, छान, आता पुढचा प्रश्न. हाताशी हीच खोटी तागडी आहे, दुसरी नाही. हिच्यावरच बरोबर तोलायचं असेल तर काय कराल?

एकानं सांगितलं, लोहाराकडून दुरुस्त करून घ्यायची. पुन्हा हसू. प्राध्यापक एकेकाकडं बघत होते. माझ्याकडं बघितलं तेव्हा माझं तोंड आपोआप उघडलं.

निम्मं एका बाजूला तोलायचं आणि निम्मं दुसऱ्या.

प्राध्यापकांनी टेबलावर हात आपटला. हे तुम्हाला स्वतःला सुचलं का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, हे मी आता शपथेवर सांगू शकणार नाही, पण त्यांनी ती हो अशीच घेतली आणि मी दुरुस्त केली नाही. वर्गाच्या शेवटी आम्हाला चक्रमुद्रित पुस्तिका वाटली. तिच्यात माझा प्रयोग होता, आणि खाली छापलं होतं, ही पद्धत पाटण तालुक्यातील एका शिक्षकानं सुचवली आहे. घरी वडिलांनी ते पान दोनदा वाचलं. गिरणीतल्या सोबत्यांना दाखवायला म्हणून पुस्तिका खिशात घालून गेले.

त्याच आठवड्यात मी कागदावर गणित मांडून बघितलं. नीट, दशांश स्थळांसह. तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. निम्मं इकडं, निम्मं तिकडं तोललं तर बेरीज अगदी तंतोतंत येत नाही. अगदी रवाभर जास्त येते, नेहमीच जास्त, कधी कमी नाही. म्हणजे मेजरनं आयुष्यभर घेणाऱ्याला रवाभर जास्तच घातलं होतं. आणि देणाऱ्याचं गेलेलं ते एवढं थोडं, की एखादा दाणा. मी कागद घडी करून ठेवला. कुणाला दाखवावा कळेना. कुणाला दाखवायचा म्हणजे आधी सगळंच सांगायला लागलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली. शेडखालची जागा रिकामीच होती. मी दोन आठवडे टाळलं आणि मग एका रविवारी मेजरच्या घरी गेलो.

तो अंगणात कुदळीला दांडा बसवत होता. मला बघून उठला, आत हाक मारून चहा सांगितला. तागडी सोप्यात खुंटीला टांगलेली होती, पारडी एकात एक घालून. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ करून आलो होतो, पण तिथं बसल्यावर क्रमच लागेना. शेवटी म्हणालो, की मेजर, तुम्ही बाजू बदलून तोलता ते मला तेव्हा माहीत नव्हतं. हेही खोटंच होतं, पण त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळचं.

तो म्हणाला, "पोरगी बोलली म्हनं वर्गात."

मी म्हणालो, हो, बोलली होती. गडबडीत राहून गेलं.

"ऱ्हाऊन गेलं," तो म्हणाला, आणि दांड्याला पाचर ठोकत राहिला.

मग मी विचारलं, दांडी आखूड आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर नवी तागडी का नाही घेतली. हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. त्यावर तो पहिल्यांदा जरा खुलला. "आवं मास्तर, खोड न्हाई अशी तागडी म्या बघितली न्हाई. राशनच्या कोठारात सरकारी काटा हुता, त्याला बी खोड. हिची खोड मला ठावं हाय. नवी आणली तर तिची कळंस्तवर धा वरसं जायाची. तवर लोकांचं काय?"

मी सांगलीतलं गणित सांगितलं. रवाभर जास्त जातं ते. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, त्ये असंल.

उठताना मी विचारलं, मी काय करू. खरं तर हे विचारायला नको होतं, करून मोकळं व्हायला हवं होतं. त्यानं कुदळ भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "वर्गात सांगितलासा तसं ह्ये बाजारात सांगा. एकदाच. म्या बुधवारी येऊन बसतो."

म्हणजे इतकंच पाहिजे होतं त्याला. चार वाक्यं. मी हो म्हणालो आणि त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं.

बुधवारी तो आला. तिकाटणं उभं केलं, तागडी टांगली. पारडी पुन्हा घासलेली होती. माणसं लांबून बघत होती. मी पुढं झालो आणि म्हणालो, ऐका जरा, मला तुम्हाला काही सांगायचंय. चाळीस-पन्नास माणसं जमली. मी सदऱ्याच्या खिशात खडू घेऊन गेलो होतो, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मी शिक्षक होतो. भूमितीचं प्रमेय शिकवताना आधी पक्ष लिहायचा, मग साध्य, मग सिद्धता, ही सवय हाडात मुरलेली. आधी जे आहे ते मांडायचं. म्हणून मी सुरुवात केली ती अशी, की ही तागडी खोटी आहे हे मी शाळेत दाखवलं होतं, आणि ते बरोबरच आहे. हिची एक भुजा आखूड आहे. आता समजा, आपण डाव्या पारड्यात...

पुढचं कुणी ऐकलं नाही. 'ते बरोबरच आहे' इथंच माणसं एकमेकांकडं वळली. मी भुजा, वजन, निम्मं, असं बोलत राहिलो. शेडच्या खांबावर खडूनं आकृती काढायलाही लागलो. मागं कुणीतरी म्हणत होतं, मास्तर सोताच म्हनत्यात की. एका म्हातारीनं नाचणीचं गाठोडं तागडीजवळ आणून ठेवलं होतं, ते तिनं हळूच उचललं. मी आवाज चढवला. म्हणालो, पण मेजरची पद्धत शास्त्रीय आहे. शास्त्रीय या शब्दानं काय व्हायचं होतं?

मेजर उठला. माझ्या दंडाला हात लावला. रागानं नाही.

"बास, मास्तर. पोचलं."

त्यानं तागडी उतरवली, साखळ्या गुंडाळल्या आणि गेला. त्यानंतर तो बाजारात बसला नाही.

खूप वर्षं मी हे कोडं सोडवत राहिलो, की मी तसं का बोललो. चूक माझी झाली, मेजरचं माप खरं आहे. आधी एवढंच म्हणायचं होतं. मग हवं तर भुजा. मला ते सुचलं नाही की मी ते सुचू दिलं नाही? साहेबांसमोर जे बोललो ते बरोबर ठरावं आणि म्हाताराही सुटावा, असं दोन्ही मला एकाच दमात हवं होतं बहुतेक. बहुतेक म्हणतो, कारण त्या क्षणी मला काय हवं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाठ केलेलं वाक्य मात्र आठवतं. ते पाठ करताना मी 'चूक' हा शब्द कुठंच घातलेला नव्हता.

पण शेवट तो नाही. शेवट वर्गातला आहे.

ती आता दहावीत होती. प्रश्न विचारायचं तिनं बंद केलं होतं, पण ते मला लक्षात यायलाही वेळ लागला. एक तास संपला की वर्ग शांत गेला याचं बरंच वाटायचं. सहामाहीच्या आधी मी तरफेची उजळणी घेतली. सांगलीची पुस्तिका हाताशी होतीच. तास संपल्यावर मुलं बाहेर गेली आणि ती बाकावरच वही लिहीत राहिली. दाराबाहेर तिच्या मैत्रिणी थांबलेल्या. मी जवळ गेलो. म्हणालो, तू त्या दिवशी बरोबर बोलली होतीस. मी तुला खाली बसवलं ते चुकलं. लोकांनी तुझ्या आज्याला नको ते बोलावं असं मला वाटत नव्हतं.

अखेर 'चुकलं' म्हणालो होतो. चाळीस माणसांसमोर नाही, तर एका मुलीसमोर.

तिनं पेनाला टोपण लावलं. आणि मान वर न करता जे सांगितलं ते असं.

"लोकांचं न्हाई, सर. लोक काय, चार दिस बोलले असते. तुमी बस खाली म्हणालात तवा मला वाटलं, माझंच चुकलं. मी घरी जाऊन आज्याला सांगितलं, की तुझं तोलणं चुकतंय, सरांनी फळ्यावर करून दाखवलंय. त्यो म्हणाला, तू शिकलेली, तुला जास्त कळतंय. आन् मग त्यो बाजारात बसायचा बंद झाला."

मी पत्र्याच्या शेडमध्ये सांगायला गेलो होतो, आणि सांगायचं होतं ते इथं, या बाकापाशी. तेही जूनमध्ये. तेही त्याच्या आधी. खरं तर त्याच तासाला. मेजरनं मला बाजारात सांगायला का सांगितलं मग? त्यालाही वाटत असेल का, की मास्तर बोलले तर नात ऐकेल? की त्याला स्वतःलाच ऐकायचं होतं, निम्मं इकडं निम्मं तिकडं हे खरं आहे का ते? मी तिथं उभा राहून हाच हिशेब करत होतो आणि तो लागत नव्हता.

मी तिला सगळं समजावून सांगितलं मग. वहीत आकृती काढून दिली. आजा बरोबर होता, तू बरोबर होतीस, रवाभर जास्त येतं तेही. तिनं नीट ऐकलं. एका ठिकाणी मान हलवली, तिथं तिला खरोखरच कळलं हे मला दिसलं. मग तिनं विचारलं. कितीतरी महिन्यांनी तिनं विचारलेला पहिला प्रश्न होता तो.

"मग सर, पेपरात आलं तर काय लिहायचं?"

पुस्तकात प्रश्न होता, भुजा असमान असलेल्या तराजूनं अचूक वजन करता येईल का. त्याचं उत्तर पुस्तकात एका ओळीचं होतं, करता येणार नाही, कारण भुजा सारख्या नाहीत. सहामाहीचा पेपर मीच काढायचो, पण पुढं मार्चमध्ये पेपर बोर्डाचा, तो तपासणारा कोण असेल काय ठाऊक. एवढा विचार मी खरंच केला का, की नुसती भीती, तेही आता धूसर आहे. दारात मैत्रिणी हाका मारत होत्या. मी म्हणालो, पुस्तकात आहे तेच लिही.

सहामाहीच्या पेपरात मी तो प्रश्न घातला. तिनं तेच लिहिलं, एका ओळीत, स्वच्छ अक्षरात. मी पैकीच्या पैकी गुण दिले.